गेम नेमका अडतोय कुठे?

या वेळी गेमिंगबद्दलची पत्रं इतकी आली की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलले आहेत. बहुतेक पत्रं एकाच प्रश्नावर येऊन थांबतात: ‘ताई, कोणतं ग्राफिक्स कार्ड घेऊ?’ नाव सांगायला एक ओळ पुरते. पण ते कार्ड तुमच्या कामाचं आहे की नाही, हे तुम्ही कोणता गेम खेळता, मॉनिटर किती पिक्सेलचा आहे आणि कॅबिनेटमध्ये आत्ता काय काय बसवलेलं आहे, यावर ठरतं. एवढं कळवलंत तर उत्तर नेमकं देता येतं. ज्यांनी कळवलं, त्यांची पत्रं आधी घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या ऑफिसने जुने डेस्कटॉप काढले, त्यातला एक मी घेतला. कोअर आय फाइव्ह ८५००, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क. कॅबिनेट बारीक आहे, आडवं ठेवायचं. कॉलेजातला मुलगा त्यावर माइनक्राफ्ट आणि जीटीए फाइव्ह खेळतो. माइनक्राफ्ट बरा चालतो, जीटीए अडखळतो. त्याने आरटीएक्स ४०६० हे कार्ड शोधून ठेवलंय. बसेल का?

मशीन चांगलं मिळालंय तुम्हाला. ८५०० हा २०१८ चा सहा कोअरचा प्रोसेसर, विंडोज ११ च्या यादीतही आहे. जीटीए फाइव्ह पीसीवर २०१५ मध्ये आला. त्यामुळे प्रोसेसरची काळजी सोडून द्या.

४०६० मात्र नको. कार्ड उत्तम आहे, पण तुमच्या कॅबिनेटमध्ये त्याला जागा नाही आणि वीजही नाही. ते ११५ वॉट खातं आणि त्यासाठी पॉवर सप्लायमधून येणारी वेगळी वायर मागतं. ऑफिसच्या बारीक मशीनमध्ये ती वायर सहसा दिलेलीच नसते. मग लोक साटाच्या, म्हणजे डिस्कला वीज देणाऱ्या, वायरीला कन्व्हर्टर लावून काम भागवतात. तसं अजिबात करू नका. साटाच्या पॉवर कनेक्टरची १२ व्होल्टवरची क्षमता ५४ वॉट आहे, आणि कार्डाचा आठ पिनांचा कनेक्टर १५० वॉटपर्यंत ओढू शकतो. हे कन्व्हर्टर वितळतात.

कार्ड घेण्याआधी मुलाला एक गोष्ट बघायला सांगा. जीटीएमध्ये गाडी पळवताना गेम क्षणभर थिजतो का, पुढचा रस्ता आणि इमारती उशिरा उमटतात का? तसं असेल तर तिथे हार्ड डिस्क मागे पडतेय. असा गेम शहराचा नकाशा तुकड्यातुकड्याने डिस्कवरून उचलत असतो. फिरणारी डिस्क सेकंदाला साधारण १०० ते १५० एमबी देते, तीही सलग वाचताना. विखुरलेल्या छोट्या फाइल वाचताना ती त्याच्या कितीतरी खाली येते. साधी साटा एसएसडी ५०० एमबीच्या वर जाते आणि विखुरलेल्या फाइलींनी तिची दमछाक होत नाही. विंडोज आणि गेम दोन्ही एसएसडीवर हलवा, जुनी डिस्क फोटो-सिनेमांसाठी राहू द्या. घरातल्या सगळ्यांना पहिल्याच दिवशी फरक जाणवेल, गेम न खेळणाऱ्यांनाही.

दुसरी पायरी रॅमची. टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’वर जा. तिथे किती स्लॉट वापरात आहेत ते लिहिलेलं असतं. ८ जीबीची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी घाला. ८ चे १६ जीबी होतात हा एक फायदा झाला. दुसरा फायदा असा की सध्या तुमच्याकडे वेगळं कार्ड नाही, चित्र प्रोसेसरमधलं यूएचडी ६३० काढतंय, आणि त्याला स्वतःची मेमरी नसते. ते रॅमच वापरतं. एका पट्टीवर त्याला एकच वाट मिळते, दोन पट्ट्यांवर दोन. या प्रोसेसरवर रॅम २६६६ च्या वेगाने चालते. ३२०० ची पट्टी लावलीत तरी ती २६६६ वरच धावेल, म्हणून जास्त वेगाच्या मागे लागू नका.

आता कार्ड. मदरबोर्डवरचा लांब स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट देतो. त्याच्या आत राहणारं, कमी उंचीचं, बारीक कॅबिनेटला बसणारी छोटी धातूची पट्टी (ब्रॅकेट) सोबत असलेलं कार्ड तुम्हाला हवंय. माझी पसंती आरटीएक्स ३०५० च्या ६ जीबी आवृत्तीला. २०२४ मध्ये आलेलं हे कार्ड ७० वॉटचं आहे. घेताना ‘६ जीबी’ हे खोक्यावर स्वतः वाचा, कारण ३०५० नावाचंच ८ जीबीचं कार्ड २०२२ पासून आहे आणि ते १३० वॉट मागतं. त्याखालोखाल जीटीएक्स १६५० ची कमी उंचीची आवृत्ती चालेल. पण तीही ७५ वॉटची आणि वेगळी वायर न मागणारीच घ्या. आरएक्स ६४०० सुद्धा ५३ वॉटचं, कमी उंचीचं मिळतं. तुमच्यासाठी मात्र ते मी सुचवणार नाही. त्याला मदरबोर्डशी बोलायला चारच लेन आहेत. पीसीआयई ४, म्हणजे त्या लांब स्लॉटची वेगवान पिढी, असलेल्या नव्या बोर्डवर त्या पुरतात. तुमचा बोर्ड पीसीआयई ३ चा आहे, तिथे त्याचा वेग घसरतो.

खरेदीआधी कॅबिनेट उघडा, टॉर्च घ्या आणि पॉवर सप्लायचं लेबल वाचा. ‘+१२व्ही’च्या खाली अँपिअर दिलेले असतात. १२ ला त्या आकड्याने गुणलं की खरे उपयोगी वॉट मिळतात. १८ अँपिअर असतील तर २१६ वॉट. १२ व्होल्टच्या दोन ओळी असतील तर दोघींची बेरीज करू नका, एकत्रित मर्यादा लेबलवर वेगळी दिलेली असते, तीच धरा. तुमचा प्रोसेसर ६५ वॉटचा, कार्ड ७०, बाकी डिस्क-पंखे-बोर्ड मिळून ३०–४०. म्हणजे हिशोब बसतो. शेवटी स्लॉटच्या शेजारी किती मोकळी जागा आहे तेही मोजा. बरीच कार्डं दोन स्लॉटांची जाडी व्यापतात आणि बारीक कॅबिनेटमध्ये तिथेच पॉवर सप्लाय आडवा येतो.

प्रश्न : माझ्याकडे आय थ्री १२१००एफ, आरटीएक्स ३०६०, १६ जीबी रॅम, ६० हर्ट्झचा फुल एचडी मॉनिटर आहे. नव्या मोठ्या गेममध्ये गर्दीच्या ठिकाणी झटके बसतात. मित्र म्हणतो बॉटलनेक आहे, म्हणजे एक भाग दुसऱ्याला अडवतोय, प्रोसेसर बदल. इंटरनेटवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये जोडी टाकली तर तोही तेच म्हणतो.

तो कॅल्क्युलेटर तुमचा गेम खेळत नाही. एकाच मशीनवर एका गेममध्ये कार्ड कमी पडतं, दुसऱ्यात प्रोसेसर, आणि त्याच गेममधल्या दोन जागी दोन वेगळी उत्तरं येऊ शकतात. तुम्हाला हे घरीच तपासता येईल.

गर्दीच्या त्याच जागी उभे राहा, फ्रेमचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं उमटतात त्याचा, आकडा दाखवणारं साधन सुरू करा. आकडा ६० च्या वर चढतच नसेल तर व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) आणि फ्रेमची मर्यादा तपासणीपुरती काढून ठेवा. डीएलएसएस (कमी पिक्सेलचं चित्र काढून ते मोठं करणारी सोय) सुरू असेल तर तेही बंद करा, आणि मग आकडा लिहून ठेवा. आता गेमच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० करा, बाकी काही हलवू नका. पिक्सेल २०,७३,६०० वरून ९,२१,६०० झाले, म्हणजे कार्डाचं काम निम्म्याहून कमी झालं. फ्रेम भरपूर वाढल्या तर आधी कार्ड अडत होतं. जवळपास तिथेच राहिल्या तर कार्ड मोकळं बसलंय आणि प्रोसेसरची वाट बघतंय.

इथे टास्क मॅनेजरमधला प्रोसेसरचा एकूण टक्का फसवतो. १२१००एफ मध्ये चार कोअर, आठ थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) आहेत. गेमचा मुख्य थ्रेड पूर्ण भरला आणि बाकीचे सात रिकामे असले तर एकूण आकडा साडेबारा टक्केच दिसेल, आणि तुम्हाला वाटेल प्रोसेसर आराम करतोय. म्हणून आलेखावर उजवं बटण दाबून तो ‘लॉजिकल प्रोसेसर्स’वर बदला आणि कार्डाचा टक्का बघा. कार्ड ९५ च्या वर असेल तर तेच मर्यादा आहे. ५०–६० वर रेंगाळत असेल तर नाही.

तुमच्या वर्णनावरून मला प्रोसेसरचाच संशय आहे. तरी लगेच काही विकत घेऊ नका. आधी गेममधली गर्दीची घनता आणि लांबचं दिसण्याचं अंतर एक-एक पायरी खाली आणा. या दोन्हींचा भार प्रोसेसरवर पडतो. पोत, सावल्यांचा बारकावा, प्रतिबिंबं हे मुख्यतः कार्डाचं काम, त्याला हात लावायची गरज नाही. तपासणी झाली की फ्रेमची मर्यादा पुन्हा ६० वर बांधा. मॉनिटर ६० हर्ट्झचा आहे, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम, दर फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद. ६० हून जास्त फ्रेम तो दाखवूच शकत नाही. हौशी खेळणाऱ्याला स्थिर ६० जो आनंद देतात, तो ९० वरून ४० वर आपटणाऱ्या फ्रेम कधीच देत नाहीत, असं माझं ठाम मत आहे. एवढं करूनही झटके राहिले तर बोर्ड तोच ठेवून सहा कोअरचा १२४००एफ बसवा.

प्रश्न : १४४ हर्ट्झचा मॉनिटर आणला, पण काहीच फरक दिसत नाही.

विंडोजमध्ये ‘डिस्प्ले’, मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले’ उघडा. तिथे रिफ्रेश रेट ६० वर राहिलेला असण्याची शक्यता मोठी आहे, विंडोज तो दर वेळी आपोआप वाढवत नाही. १४४ चा पर्याय दिसतच नसेल तर एचडीएमआय काढून डिस्प्लेपोर्टची वायर लावा. आणि कॅबिनेटच्या मागे वाकून बघा, वायर मदरबोर्डच्या पोर्टला तर गेलेली नाही ना. ती खाली, आडव्या कार्डाच्या पोर्टला हवी. कार्ड असूनही बोर्डला मॉनिटर जोडलेली मशीन मी पुन्हा पुन्हा पाहते.

प्रश्न : ताई, मी आठवड्यात चार-पाच तास खेळते. फुटबॉल, शेतीचे, कोड्यांचे गेम. नवीन डेस्कटॉप जोडायचा आहे. आत्ता कार्ड न घेता सुरुवात करून पुढे घेता येईल का?

येईल, आणि तुमच्या गेमसाठी ही पद्धत मला सगळ्यात आवडते. त्यासाठी चांगलं ग्राफिक्स अंगचंच असलेला प्रोसेसर घ्यायचा. एएमडीच्या नावाशेवटचा ‘जी’ ही त्याची खूण. इंटेलच्या नावात ‘एफ’ असेल तर उलट, त्यात ग्राफिक्स नसतंच. कार्डाशिवाय तो घेतलात तर पडदा काळाच राहील.

एएमडीमध्ये दोन वाटा आहेत. रायझन ५ ५६००जी हा २०२१ चा, एएम४ सॉकेटचा (प्रोसेसर बसतो त्या खाचेचा) बोर्ड आणि डीडीआर४ रॅमवर चालणारा. रायझन ५ ८६००जी हा २०२४ चा, एएम५ आणि डीडीआर५ वाला, आणि त्याचं ग्राफिक्स बरंच पुढचं आहे. पहिल्यात आत्ता काम भागेल, पण त्या बोर्डची नवी पिढी थांबली आहे. दुसऱ्यात पुढे प्रोसेसर बदलायला वाव आहे. झेपत असेल तर ८६००जी घ्या. त्याच घरातला ८५००जी मात्र टाळा. पुढे कार्ड लावाल तेव्हा ८६००जी त्याला आठ लेन देतो, ८५००जी फक्त चार.

रॅम दोन पट्ट्यांमध्येच घ्या, एकात १६ नको, ८ आणि ८. डीडीआर४ ३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी देते, दोन मिळून ५१.२. कार्ड नसलेल्या मशीनमध्ये गेमचा वेग थेट या आकड्याला बांधलेला असतो. बोर्डवर चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा वापरा. मशीन सुरू झालं की बायोसमध्ये (विंडोजआधी चालणाऱ्या बोर्डच्या मूळ प्रोग्राममध्ये) जाऊन एक्सएमपी किंवा एक्सपो हा पर्याय चालू करा. तो बंद असला तर ३२०० ची रॅम बहुधा २१३३ किंवा २४०० वर धावते, आणि कित्येक जण वर्षानुवर्षं तशीच वापरतात.

पॉवर सप्लाय आणि कॅबिनेट मात्र आत्ताच पुढच्या कार्डाचा विचार करून घ्या. चांगल्या कंपनीचा ५५० वॉटचा सप्लाय मधल्या फळीतल्या कार्डांना पुरतो. ‘८० प्लस’चा शिक्का वीज किती वाया जात नाही एवढंच सांगतो. आतले भाग किती टिकाऊ आहेत हे त्यावरून कळत नाही, म्हणून वॉरंटी किती वर्षांची आहे तेही बघा.

प्रश्न : रायझन ५ १६००, बी३५० बोर्ड, विंडोज १०. आता विंडोजचा सपोर्ट संपला आणि प्रोसेसर ११ च्या यादीत नाही. सगळंच बदलावं लागेल का?

सगळं बदलू नका. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं, आणि तुमचा २०१७ चा १६०० यादीत नाही हेही खरं. पण तुमचा बोर्ड एएम४ आहे. २०१७ च्या या बोर्डांपैकी अनेकांवर बायोस अपडेटनंतर २०२२ मधला रायझन ५ ५६०० बसतो. तोही ६५ वॉटचाच, गेममध्ये १६०० पेक्षा कितीतरी चपळ, आणि विंडोज ११ ला चालणारा. इतकी वर्षं जुन्या बोर्डला साथ मिळणं दुर्मीळ आहे. इंटेलच्या बाबतीत सातव्या आणि आठव्या पिढीचं सॉकेट दिसायला सारखं असूनही एकाच्या बोर्डवर दुसरा चालत नाही.

क्रम चुकवू नका. बोर्डच्या कंपनीच्या साइटवर तुमच्याच मॉडेलची प्रोसेसर यादी बघा. ५६०० समोर जी बायोस आवृत्ती लिहिली असेल ती जुना १६०० बसवलेला असतानाच टाकायची, कारण जुन्या बायोसवर नवा प्रोसेसर सुरूच होणार नाही. काही बोर्डांना मधली एक आवृत्ती आधी टाकावी लागते, ते तिथेच लिहिलेलं असतं. अपडेट चालू असताना वीज जाता कामा नये.

त्याआधी ड्राइव्ह बिटलॉकरने कुलूपबंद आहे का ते तपासा. असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. एएमडीचं एफटीपीएम (या कुलपाची किल्ली जपणारी सुरक्षा सोय) प्रोसेसरमध्येच असतं, प्रोसेसर बदलला की विंडोज ती की मागतं, आणि ती नसेल तर डेटा गेला. नंतर बायोसमध्ये एफटीपीएम आणि सिक्युअर बूट (मशीन चालू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) सुरू करा. व्हॅलोरंटसारखे गेम विंडोज ११ वर ही दोन्ही असल्याशिवाय उघडत नाहीत. डिस्कवरच्या विभागांची नोंद जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर सिक्युअर बूटआधी ती नव्या जीपीटी पद्धतीची करावी लागते. विंडोजमध्येच ‘एमबीआर२जीपीटी’ नावाचं साधन आहे, पण बॅकअप घेतल्याशिवाय ते चालवू नका.

प्रश्न : वापरलेलं ग्राफिक्स कार्ड घेताना काय बघू?

चालू मशीनमध्ये बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, ही माझी पहिली अट. जीपीयू-झेड हा छोटा मोफत प्रोग्राम पेनड्राइव्हवर न्या. बाजारात कित्येक वर्षं जुन्या चिपवर नवं नाव चढवलेली कार्डं फिरतायत. जीपीयू-झेड अशा बऱ्याच कार्डांच्या नावापुढे ‘फेक’ असं स्पष्ट लिहितो. जीटीएक्स १०५० टीआयच्या नावाने दाखवलेल्या कार्डावर निळं व्हीजीए पोर्ट दिसलं तर तिथेच शंका घ्या, त्या पिढीच्या चिपमध्ये व्हीजीएची सोय नाही. आरएक्स ५८० मध्ये खरा आकडा २३०४ शेडरचा (चित्र काढणाऱ्या छोट्या घटकांचा). २०४८ दिसले तर ती कमी ताकदीची आवृत्ती आहे, किंमत त्यानुसार ठरवा.

मग अर्धा तास एखादा जड गेम चालवून बघा. पडद्यावर रंगीत ठिपके, रेघा उमटतात का, सगळे पंखे फिरतात का, तापमान एका जागी स्थिरावतं का. सगळी पोर्टं एकेक करून लावून बघा.

वयाचाही विचार करा. एनव्हिडियाने २०२५ मध्ये जीटीएक्स १० मालिकेला नव्या गेमसाठीचे नियमित ड्रायव्हर देणं थांबवलं. जुन्या गेमसाठी ती कार्डं अजून छान आहेत, पण आज पैसे घालताना मी १६५० किंवा आरएक्स ६६०० पेक्षा जुन्या पिढीचं कार्ड घेणार नाही.

प्रश्न : गेम सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटांत कॉम्प्युटर एकदम बंद होतो. बाकी काम व्यवस्थित होतं.

तापमान मोजणारा प्रोग्राम चालू ठेवून गेम लावा. बंद पडण्याआधी प्रोसेसर ९५–१०० अंशांना भिडत असेल तर वीज पूर्ण काढून कॅबिनेट उघडा आणि हीटसिंकच्या पात्यांमधली धूळ ब्रश आणि हवेने काढा. हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, तो भरधाव फिरला तर बेअरिंग खराब होतं. मशीन जुनं असेल तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्टही पुसून नवी लावा.

तापमान ठीक असताना बंद होत असेल तर संशय पॉवर सप्लायवर. ओळखीच्या कुणाचा चांगला सप्लाय लावून बघा, आणि बंद पडणं थांबलं तर नवा घ्या. सप्लाय वायरी सुट्या होणारा असेल तर प्रत्येक सप्लायच्या सोबतच्याच वायरी वापरा. दुसऱ्याच्या वायरी सॉकेटमध्ये नीट बसतात, पण सप्लायच्या बाजूची पिनांची मांडणी कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिकही वेगळी असते. पाच व्होल्टच्या जागी बारा गेले की डिस्क जागीच जळते, आणि तिच्यातलं काही परत मिळणं फार अवघड होऊन बसतं.